लाजवर्दी मण्याची साक्ष

[माळेचा दोरा काही वर्षांत कुजून जातो. मणी मात्र हजारो वर्षे टिकतो. अफगाणिस्तानच्या डोंगरात मिळणाऱ्या एका निळ्या दगडाचे मणी प्राचीन काळी फार दूरदूरच्या देशांत पोहोचले होते. हे मणी कसे घडत, ते कोठे सापडले आणि त्यांच्यावरून जुन्या काळाची माहिती कशी मिळते, हे या पाठात सांगितले आहे.]

तुमच्या उर्दू भाषेत ‘लाजवर्दी’ हा शब्द आहे. गडद निळ्या रंगाला लाजवर्दी रंग म्हणतात. हे नाव एका दगडावरून पडले आहे. त्या दगडाचे नाव लाजवर्द. संस्कृतात त्याला ‘राजावर्त’ म्हणतात. लाजवर्द हा शब्द फारसीतून अरबीत गेला आणि तेथून युरोपातील भाषांत पोहोचला. आकाशासारख्या निळ्या रंगाला इंग्रजीत ‘अॅझ्युअर’ म्हणतात. तो शब्दही ‘लाजवर्द’ याच शब्दापासून झाला आहे. एका दगडाच्या नावाने केवढा लांबचा प्रवास केला, पाहा! पण त्याच्याही कितीतरी आधी खुद्द त्या दगडाने असाच लांबचा प्रवास केला होता.

लाजवर्द हे एकच एक खनिज नाही. अनेक खनिजे मिळून झालेला तो एक खडक आहे. त्यातील निळा भाग लाझुराइट या खनिजाचा असतो. या खनिजात गंधक असते आणि त्या गंधकामुळेच दगडाला निळा रंग येतो. एरवी गंधक पिवळे असते. येथे मात्र ते निळाईचे कारण होते. या दगडात मधूनमधून पांढऱ्या रेषा दिसतात. त्या कॅल्साइटच्या असतात. काही ठिकाणी सोन्यासारखे बारीक ठिपके चमकतात. पण ते सोने नव्हे. ते लोह आणि गंधक यांपासून बनलेले पायराइट असते. चांगला घासलेला लाजवर्द हातात घेतला, की चांदण्यांनी भरलेल्या रात्रीच्या आकाशाचा तुकडाच हाती आल्यासारखे वाटते. प्राचीन काळच्या माणसांना या दगडाची ओढ का लागली असेल, हे त्यावरून समजते.

हा दगड सर्वत्र मिळत नाही. प्राचीन जगात तो मुख्यतः एकाच प्रदेशातून येत असे. तो प्रदेश म्हणजे अफगाणिस्तानच्या ईशान्येकडील बदख्शान. तेथे कोकचा नदीच्या खोऱ्यात उंच डोंगरांत ‘सर-ए-संग’ नावाचे ठिकाण आहे. ‘संग’ म्हणजे दगड, हे तुम्हांला सांगायला नकोच. तेथील खाणींतून हजारो वर्षे लाजवर्द काढला जात आहे. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो यानेही बदख्शानच्या या निळ्या दगडाचा उल्लेख केला आहे.

हा दगड खडकातून बाहेर काढणे सोपे नव्हते. १८३७-३८ च्या हिवाळ्यात जॉन वुड नावाचा एक ब्रिटिश अधिकारी या खाणींपर्यंत गेला होता. तेथील कामाची पद्धत त्याने लिहून ठेवली आहे. मजूर खडकाखाली वाळलेल्या झुडपांचा जाळ करीत. खडक चांगला तापला, की त्यावर हातोडे मारीत. मग त्याच्या कपच्या निघत. असे करता करता आत निळा दगड दिसू लागे. मग त्याच्याभोवती खोल खाच पाडून आणि त्या खाचेत पहारी घालून तो अलगद सोडवून घेत.

फार प्राचीन काळीही हा दगड दूरवर जात होता. बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळ मेहरगढ नावाचे ठिकाण आहे. तेथे १९७४ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-फ्रान्स्वा जारीज यांनी उत्खनन केले. सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या कबरी तेथे सापडल्या. त्या माणसांना मातीची भांडी घडवण्याची कलाही अजून नीट अवगत नव्हती. ते शेती करीत आणि गुरे पाळीत. तरीही त्यांच्या कबरींत शिंपल्यांचे, फिरोज्याचे आणि लाजवर्दाचे मणी मिळाले. शिंपले समुद्राकडून आले होते आणि लाजवर्द उत्तरेकडच्या डोंगरांतून आला होता. म्हणजे माणसाने लिहायला शिकण्याच्या आधीपासून हा निळा दगड हातोहाती प्रवास करीत होता.

आता या दगडाचा मणी कसा करीत, ते पाहू. इराणच्या पूर्वेला सीस्तान प्रांतात एका प्राचीन शहराचे अवशेष आहेत. त्याला ‘शहर-ए-सोख्ता’ म्हणजे ‘जळालेले शहर’ म्हणतात. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ते भरभराटीला आले होते. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी १९६७ पासून तेथे उत्खनन केले. त्यांना तेथे लाजवर्दाच्या कामाच्या जागा सापडल्या. त्या जागी दगडाचे तुकडे, बारीक कपच्या, अर्धवट घडलेले मणी आणि चकमकीच्या दगडाची छोटी छोटी हत्यारे पडलेली होती. पूर्ण झालेला मणी आपल्याला फक्त त्याचे रूप दाखवतो. अर्धवट राहिलेले मणी मात्र तो कसा घडला, हे सांगतात. या अवशेषांवरून सगळी कृती उलगडली.

कारागीर प्रथम दगडावरचे पांढरे, निरुपयोगी भाग काढून टाकी. नंतर चकमकीच्या धारदार पात्याने तो दगडावर सरळ खाच पाडी. खाच पुरेशी खोल झाली, की तो नेमका ठोका देई. दगड त्या खाचेवर दुभंगे. असे करून लहान लहान तुकडे तयार होत. मग प्रत्येक तुकडा खरबरीत दगडावर घासून त्याला आकार दिला जाई. त्यानंतर सर्वांत नाजूक काम असे, ते म्हणजे भोक पाडण्याचे. चकमकीचा सुईसारखा बारीक सामता गरगर फिरवून हे भोक पाडीत. लाजवर्द अकीकापेक्षा मऊ असतो, त्यामुळे चकमकीच्या सामत्याने त्याला भोक पडू शकते. पण तो सर्वत्र सारखा मऊ नसतो. मध्येच पायराइटचा कठीण कण आला किंवा हात थोडा जड झाला, तर मणी फुटे. मग आधीची सगळी मेहनत वाया जाई. भोक नीट पडले, की मणी पुन्हा घासून त्याला झिलई देत. आपण ज्याला एक मणी म्हणतो, त्यामागे एवढे श्रम असत.

असे काम आजही पूर्णपणे संपलेले नाही. गुजरातमधील खंभात येथे अकीकाचे मणी घडवणारे कारागीर आहेत. दगड घासताना उडणारी धूळ त्यांच्या श्वासावाटे शरीरात जाते. त्यामुळे अनेक कामगारांना फुप्फुसाचा गंभीर आजार जडला आहे. सुंदर माळ पाहताना ती घडवणाऱ्या हातांचाही आपण विचार केला पाहिजे.

शहर-ए-सोख्ताच्याही पश्चिमेला, फार दूर, दजला आणि फुरात या नद्यांच्या काठी सुमेर नावाचा देश होता. आजच्या इराकच्या दक्षिण भागात तो येतो. तेथील जमीन गाळाची, सपाट आणि सुपीक होती. धान्य भरपूर पिके. पण मौल्यवान दगड मात्र तेथे मुळीच मिळत नसत. त्यामुळे सुमेरच्या लोकांना लाजवर्द बाहेरून आणावा लागे. सुमेरी भाषेतील एका प्राचीन काव्यात अशी गोष्ट आहे, की उरुक नगराचा राजा दूरच्या अरट्टा देशाकडे लाजवर्दाची मागणी करतो आणि गाढवांच्या पाठीवर धान्य लादून तिकडे पाठवतो. ही गोष्ट कवीने रचलेली आहे. पण धान्याच्या देशाला दगड हवा होता, हे मात्र खरे होते.

सिंधू संस्कृतीच्या लोकांनाही या दगडाचे मोल माहीत होते. अफगाणिस्तानच्या उत्तरेला, आमू दर्याजवळ, शोर्तुगाई येथे त्यांची एक वसाहत सापडली आहे. सिंधू नदीच्या मैदानापासून इतक्या दूर, बदख्शानच्या वाटेवर, त्यांनी वस्ती केली होती. तेथे लाजवर्दाचे तुकडेही मिळाले. इजिप्त म्हणजे मिसर देशातही हा दगड पोहोचला होता. तुतनखामेन राजाच्या सोन्याच्या मुखवट्यावरील भुवया लाजवर्दाच्या आहेत. ज्यांना खरा दगड परवडत नसे, ते निळी झिलई दिलेले कृत्रिम मणी वापरीत. असे कृत्रिम निळे मणी मिसरमध्ये फार मोठ्या प्रमाणावर तयार होत. नकली मण्यांची ही हौस आजची नाही, ती फार जुनी आहे!

लाजवर्दी दागिन्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध सुमेरमधील ऊर या नगरात लागला. इंग्रज पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात तेथे उत्खनन केले. पहिल्याच वर्षी एका चरात सोन्याचे आणि दगडांचे मणी दिसू लागले. दुसरा कोणी असता, तर त्याने घाईघाईने ती जागा खणून काढली असती. वुली यांनी तसे केले नाही. त्यांनी ते काम तेथेच थांबवले. आपले मजूर अजून शिकाऊ आहेत आणि आपल्यालाही अधिक अनुभव हवा, असे त्यांना वाटले. ते चार वर्षे थांबले. या काळात मजुरांना नाजूक काम शिकवले गेले. त्यांचा मुकादम हमूदी हा फार जाणकार होता. प्रत्येक कामावर तो डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. मग १९२६ मध्ये त्या कबरी उघडण्याचे काम सुरू झाले.

तेथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या कबरी निघाल्या. त्यांपैकी एक पुआबी नावाच्या राणीची होती. तिचे नाव लाजवर्दाच्याच एका मुद्रेवर कोरलेले होते. राणीच्या गळ्यापासून कमरेपर्यंत सोने, चांदी, अकीक आणि लाजवर्द यांच्या मण्यांच्या माळा होत्या. डोक्यावर सोन्याच्या पानांचा मुकुट होता. त्या पानांना निळ्या आणि तांबड्या मण्यांच्या सरांत गुंफलेले होते. बदख्शान ते ऊर हे अंतर सरळ रेषेत मोजले, तरी दोन हजार किलोमीटरांहून अधिक भरते. राणीने बदख्शान पाहिलेला नसेल. खाणीतल्या मजुराने राणीचे नावही ऐकलेले नसेल. तरी एका छोट्या मण्याने त्या दोघांना जोडले होते.

राणीचे नाव आज आपल्याला माहीत आहे. मणी घडवणाऱ्याचे नाव मात्र कोणीही लिहून ठेवले नाही. त्याची ओळख फक्त त्याच्या कामातून होते. मण्याच्या भोकात सामत्याच्या बारीक रेषा राहिलेल्या असतात. अभ्यासक त्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भोक कोणत्या हत्याराने पाडले, ते एका बाजूने पाडले की दोन्ही बाजूंनी, हे त्यावरून कळते. ज्याचे नाव उरले नाही, त्याच्या हाताची खूण अशी उरली आहे.

परंतु मण्याची साक्ष पुरी व्हायची, तर तो कोठे आणि कसा पडला होता, याची नोंद असावी लागते. ऊर येथे माळांचे दोरे केव्हाच कुजून गेले होते. मणी मातीत विखुरलेले होते. मणी जसे सापडत, तशी त्यांच्या क्रमाची नोंद वुली ठेवीत आणि त्या क्रमाने ते पुन्हा ओवून घेत. तरीही चूक होऊ शकते. राणीच्या शेजारी हजारो बारीक लाजवर्दी मणी आणि सोन्याचे छोटे छोटे प्राणी सापडले. तो सगळा मिळून एकच दागिना असावा, असे वुली यांना वाटले आणि त्यांनी तो तसा ओवून घेतला. पुढे अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातील अभ्यासकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. तेव्हा तो एक दागिना नसून अनेक दागिने असावेत, असे दिसून आले. मग ते मणी वेगवेगळे ओवले गेले. वुली यांनी नोंदी ठेवल्या होत्या, म्हणूनच त्यांची चूक पुढच्यांना सुधारता आली.

दोरा टिकणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे आणि पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे ताम्रपाषाण काळातील, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, लहान मुलांची दफने सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी या ठिकाणी काम केले. मुलांच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांच्या माळा होत्या. तेथे लाजवर्द नव्हता. पण एक वेगळेच धन हाती आले. तांब्याला चढलेल्या गंजामुळे मण्यांच्या भोकातील दोऱ्याचे धागे कुजले नव्हते. चांडोलीचा धागा जवसाच्या तागाचा निघाला. त्या काळी या भागातील माणसे कोणत्या तंतूंपासून सूत काढीत, हे या चिमुकल्या माळांनी सांगितले. कोणी ते मणी नुसते उपसून आणि धुऊन घेतले असते, तर ती माहिती पाण्याबरोबर वाहून गेली असती.

दुर्दैवाने असे अनेकदा घडते. एप्रिल २००३ मध्ये इराकमध्ये युद्ध चालू असताना बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. हजारो वस्तू नाहीशा झाल्या. त्यांत मुद्रा, मणी आणि दागिनेही होते. मणी मुठीत किंवा खिशात सहज मावतो, म्हणून तो चोरणे सोपे असते. काही वस्तू पुढे परत मिळाल्या. पण पुष्कळ मिळाल्या नाहीत. त्यानंतर इराकमधील अनेक प्राचीन टेकाडेही चोरांनी रात्रीबेरात्री खणून टाकली. चोराच्या हातचा मणी बाजारात विकला जातो, त्याला पैसेही मिळतात. पण तो कोणत्या कबरीत होता, कोणाच्या गळ्यात होता, त्याच्या शेजारी काय होते, हे पुन्हा कोणीही सांगू शकत नाही. इतिहासाच्या दृष्टीने तो मणी मातीमोल होतो. साक्षीदार जिवंत असावा आणि त्याची जीभच कापली जावी, तसे हे होते.

आपल्या देशात जमिनीत असे काही सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा १८७८ पासून आहे. शेतात नांगरताना, विहीर खोदताना किंवा घराचा पाया खणताना एखाद्या वेळी जुने मणी, खापरे किंवा नाणी निघतात. अशा वेळी ती वस्तू उचलून धुवायची नाही, वाटून घ्यायची नाही आणि विकायची तर नाहीच. ती जेथे आहे तेथेच राहू द्यावी, जागेवर खूण करावी आणि मोठ्या माणसांकरवी ताबडतोब कळवावे.

वुली यांच्यासमोर सोन्याचे मणी चमकत होते. तरी ते चार वर्षे थांबले. त्यांच्या त्या थांबण्यामुळे आपल्याला पुआबी राणी भेटली. दगड फोडणारा मजूर, भोक पाडणारा कारागीर आणि ओझी वाहणारी माणसे यांची माहितीही तशीच मिळाली. त्यांच्यापैकी कोणाचाही आवाज आपण ऐकू शकत नाही. त्यांच्या वतीने बोलतो, तो हा छोटासा लाजवर्दी मणी. त्याला त्याच्या जागी राहू दिले, तरच तो बोलतो.

शब्दार्थ

साक्ष – गवाही, पुरावा
खनिज – जमिनीतून मिळणारा पदार्थ, मादन
उत्खनन – जुने अवशेष शोधण्यासाठी केलेली खुदाई
अवशेष – उरलेल्या खुणा
फिरोजा – आकाशी रंगाचा एक मौल्यवान दगड
चकमकीचा दगड – ठिणगी पाडणारा कठीण दगड
सामता – भोक पाडण्याचे हत्यार, बरमा
झिलई – चमक, जिला
मुद्रा – शिक्का, मोहर
चर – जमिनीत खणलेला लांब खड्डा
दुर्मीळ – क्वचित मिळणारे, नायाब
मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा

वाक्प्रचार

अवगत असणे – माहीत असणे, येत असणे
डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे – अतिशय सावधपणे पाहणे
मातीमोल होणे – किंमत नाहीशी होणे
वाया जाणे – फुकट जाणे

स्वाध्याय

प्र. १. खालील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लाजवर्दाला संस्कृतात काय म्हणतात?
(२) लाजवर्दाच्या प्राचीन खाणी कोणत्या नदीच्या खोऱ्यात आहेत?
(३) लाजवर्दात चमकणारे सोनेरी ठिपके कशाचे असतात?
(४) पुआबी राणीचे नाव कशावर कोरलेले होते?

प्र. २. खालील प्रश्नांची प्रत्येकी चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(१) शहर-ए-सोख्ता येथील कारागीर लाजवर्दाचा मणी कसा तयार करीत?
(२) सुमेरच्या लोकांना लाजवर्द बाहेरून का आणावा लागे?
(३) वुली यांनी कबरी उघडण्याचे काम चार वर्षे का थांबवले?
(४) चांडोली येथील माळेतून कोणती माहिती मिळाली?

प्र. ३. कारणे द्या.
(१) अर्धवट राहिलेले मणी अभ्यासकांना अधिक उपयोगी वाटतात.
(२) चोरीला गेलेला मणी इतिहासाच्या दृष्टीने मातीमोल होतो.

प्र. ४. ‘अवगत असणे’, ‘वाया जाणे’ आणि ‘डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. खालील शब्दांची अनेकवचने लिहा.
माळ, खाण, कबर, दगड, नाणे, मुद्रा

प्र. ६. तुमच्या गावातील शेतात जुने मणी सापडले आहेत, अशी कल्पना करा. ही बातमी कळवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना आठ-दहा ओळींचे पत्र लिहा.

उपक्रम : मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे रंगांचे व रत्नांचे शब्द गोळा करा आणि त्यांची यादी वर्गात लावा.